आपले खासदार : आले कुठून आणि बसतात कुठे?



घरातल्या दहावी-बारावीच्या मुलामुलींना एक प्रश्न विचारून पाहा. आपल्या मतदारसंघाचे खासदार कोण? नाव बहुतेक मुले सांगतील. मग पुढचे विचारा. खासदार होण्यापूर्वी ते काय करीत होते? संसदेच्या कोणत्या समितीवर आहेत? आपल्या वस्तीसाठी त्यांनी कोणते काम सुचवले? इथे बऱ्याच घरांत शांतता पसरेल. यात दोष मुलांचा नाही. आपण मोठी माणसे बोटाला शाई लावून घरी येतो आणि नंतर पाच वर्षे खासदारांना जयंतीच्या फलकावर पाहतो. परमपूज्य बाबासाहेबांनी मताचा अधिकार मिळवून दिला तो फलक पाहण्यासाठी नव्हे.

म्हणून आज आपण आपल्या राज्याच्या खासदारांची ओळख करून घेऊ. आम्ही कारकून माणसे. भाषणापेक्षा हिशेब आम्हाला जवळचा. तेव्हा आकड्यांपासून सुरुवात करतो.

लोकसभेत महाराष्ट्राच्या ४८ जागा आहेत आणि राज्यसभेत १९. म्हणजे एकूण ६७ खासदार. लोकसभेचे खासदार आपण थेट निवडतो, राज्यसभेचे आपले आमदार निवडतात. ४८ पैकी ५ जागा अनुसूचित जातींसाठी राखीव आहेत : अमरावती, रामटेक, शिर्डी, लातूर आणि सोलापूर. अनुसूचित जमातींसाठी ४ : नंदुरबार, दिंडोरी, पालघर आणि गडचिरोली-चिमूर.

या पाच जागा पूर्वी तीनच होत्या, हे तरुणांना ठाऊक नसेल. बुलढाणा, उस्मानाबाद आणि पंढरपूर. तीनाच्या पाच झाल्या कशा? १९५६ साली आपण धम्म स्वीकारला, आणि कायद्याच्या नजरेत अनुसूचित जातींच्या यादीबाहेर गेलो. केंद्राने बौद्धांना त्या यादीत धरले ते १९९० साली. १९७१ च्या जनगणनेत म्हणूनच महाराष्ट्रात अनुसूचित जातींचे प्रमाण अवघे ६ टक्के दिसले. ४८ चे ६ टक्के म्हणजे तीनच्या आत. २००१ च्या जनगणनेत हेच प्रमाण १०.२ टक्के झाले. ४८ चे १०.२ टक्के म्हणजे जवळजवळ पाच. मतदारसंघांची फेररचना होऊन २००९ च्या निवडणुकीत पाच जागा आल्या. माणसे तीच होती, नोंद नव्हती! जनगणनेचा माणूस दारात येतो तेव्हा बोलावे कसे, याचा धडा यात आहे.

आता माणसांकडे वळू. आपल्या चळवळीचे पहिले खासदार कसे होते? १९५२ च्या पहिल्या निवडणुकीत उत्तर मुंबईत खुद्द बाबासाहेबांचा पराभव झाला. निवडून आले काँग्रेसचे नारायण काजरोळकर. त्यानंतर बाबासाहेब राज्यसभेवर गेले आणि महापरिनिर्वाणापर्यंत सभासद राहिले. त्याच १९५२ मध्ये शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे पां. ना. राजभोज सोलापुरातून लोकसभेत पोहोचले. १९५७ मध्ये संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत नाशिकहून कर्मवीर दादासाहेब गायकवाड आणि कोपरगावहून बी. सी. कांबळे निवडून आले. दादासाहेबांची पार्श्वभूमी कोणती? नाशिकचा काळाराम मंदिर सत्याग्रह, आणि पुढे भूमिहीनांचा लढा. कारखाना नाही, घराणे नाही. चांदा भागातले बॅरिस्टर राजाभाऊ खोब्रागडे तर १९६९ ते १९७२ या काळात राज्यसभेचे उपसभापती झाले. सभागृह चालवण्याच्या खुर्चीवर आपला माणूस बसला होता, हे मुलांना सांगा.

त्यानंतरचे मोठे वर्ष १९९८. रिपब्लिकन ऐक्य होते, काँग्रेसशी समझोता होता. एकाच वेळी चार जण लोकसभेत गेले : अकोल्यातून अ‍ॅड. प्रकाश आंबेडकर, अमरावतीतून रा. सू. गवई, उत्तर मध्य मुंबईतून रामदास आठवले आणि चिमूरमधून प्रा. जोगेंद्र कवाडे. त्यातली एकही जागा त्या वेळी राखीव नव्हती! चौघेही खुल्या जागांवरून गेले. एक वकील, एक विधान परिषदेचे माजी सभापती, एक पँथर आणि एक नामांतराच्या लाँग मार्चचे प्राध्यापक. ती लोकसभा तेरा महिने टिकली. ऐक्य किती टिकले, ते आपण सर्वांनी पाहिले आहे.

आणि २०२४? रिपब्लिकन नावाचा वा वंचित बहुजन आघाडीचा एकही खासदार महाराष्ट्रातून लोकसभेत गेला नाही. चारावरून शून्यावर! हे लिहिताना आनंद होत नाही, पण पान कोरे सोडून हिशेब जुळत नाही.

मग राखीव जागांवर बसले कोण? अमरावतीत दर्यापूरचे आमदार राहिलेले बळवंत वानखडे. लातूरमध्ये नेत्रतज्ज्ञ डॉ. शिवाजी काळगे. सोलापुरात प्रणिती शिंदे. त्यांचे वडील सुशीलकुमार शिंदे सोलापूरच्या न्यायालयात पट्टेवाले होते आणि पुढे देशाचे गृहमंत्री झाले. शिर्डीत भाऊसाहेब वाकचौरे. रामटेकमध्ये श्यामकुमार बर्वे. त्यांच्या पत्नी रश्मी बर्वे यांचा अर्ज जातप्रमाणपत्राच्या वादात बाद झाला आणि पर्यायी उमेदवार म्हणून तेच उभे राहिले. पाचपैकी चार काँग्रेसचे आणि शिर्डीचे ठाकरे गटाच्या शिवसेनेचे. खुल्या जागेवरून आलेल्या वर्षा गायकवाड उत्तर मध्य मुंबईच्या. त्या माजी खासदार एकनाथ गायकवाड यांच्या कन्या, आणि राजकारणात येण्यापूर्वी प्राध्यापिका होत्या.

एकूण ४८ जणांवर नजर टाकली तर दोन-तीन गोष्टी डोळ्यांत भरतात. डॉक्टर पुष्कळ आहेत : काळगे, पालघरचे हेमंत सवरा, कल्याणचे श्रीकांत शिंदे, शिरूरचे अमोल कोल्हे, भंडारा-गोंदियाचे प्रशांत पडोळे. राजकीय घराण्यातले त्याहून पुष्कळ. महिला ४८ मध्ये फक्त ७. दिंडोरीचे भास्कर भगरे मात्र शाळेतले शिक्षक. लोक त्यांना आजही भगरे सर म्हणतात. अहिल्यानगरचे नीलेश लंके हे प्राथमिक शिक्षकाचे चिरंजीव. म्हणजे साध्या घरातून वाट बंद झालेली नाही, अरुंद झाली आहे.

पार्श्वभूमी शोधायची कशी, असे कोणी विचारील. प्रत्येक उमेदवाराला अर्जासोबत प्रतिज्ञापत्र द्यावे लागते. शिक्षण, व्यवसाय, मालमत्ता, कर्ज आणि गुन्हे सर्व त्यात लिहिलेले असते. सर्वोच्च न्यायालयाच्या २००३ च्या निकालापासून मतदाराचा हा हक्क पक्का झाला आहे. घरातली मोबाईल हाताळणारी पोरे निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावरून ते दहा मिनिटांत काढून देतील.

आता पदांकडे येऊ. २०२४ च्या जूनमध्ये केंद्रात महाराष्ट्राच्या सहा खासदारांनी मंत्री म्हणून शपथ घेतली. कॅबिनेट दर्जाचे दोन : नितीन गडकरी आणि पीयूष गोयल. स्वतंत्र कार्यभाराचे राज्यमंत्री प्रतापराव जाधव. आणि राज्यमंत्री तीन : रक्षा खडसे, मुरलीधर मोहोळ व रामदास आठवले. आठवले साहेब २०१६ मध्ये प्रथम सामाजिक न्याय खात्याचे राज्यमंत्री झाले आणि या वेळीही त्यांच्याकडे तेच खाते आले. कॅबिनेट मंत्री खात्याचा निर्णय घेतो. राज्यमंत्र्याकडे त्यातला वाटून दिलेला भाग असतो. लाल दिवा आणि अधिकार यांतला फरक ओळखून मगच आपण पाठ थोपटावी किंवा टीका करावी.

मंत्रिपद थोड्यांनाच मिळते, पण समिती बहुतेकांना मिळते. अनुसूचित जाती व जमातींच्या कल्याणासाठी संसदेची स्वतंत्र समिती १९६८ पासून आहे. तिच्यात लोकसभेचे २० आणि राज्यसभेचे १० सभासद असतात. बँका, रेल्वे, सरकारी कंपन्या यांतल्या राखीव जागा भरल्या की नाही, हे ती समिती अधिकाऱ्यांना समोर बसवून विचारते. आपल्या पोराची नोकरी अनुशेषात अडकली असेल तर मोर्चाइतकाच उपयोग या समितीला पाठवलेल्या निवेदनाचा होऊ शकतो. आपल्यापैकी किती संघटनांनी असे निवेदन पाठवले?

आता सर्वांत महत्त्वाचा हिशेब. प्रत्येक खासदाराला स्थानिक विकास निधीतून वर्षाला ५ कोटी रुपयांची कामे सुचवता येतात. ही योजना १९९३ साली सुरू झाली. पैसा खासदारांच्या हातात येत नाही. ते काम सुचवतात, जिल्हाधिकाऱ्यांचे नियोजन कार्यालय मंजुरी देते. नियम असा की, त्यातली किमान १५ टक्के रकमेची कामे अनुसूचित जातींच्या वस्तीसाठी आणि साडेसात टक्के रकमेची कामे अनुसूचित जमातींच्या वस्तीसाठी सुचवावीत. ५ कोटींचे १५ टक्के म्हणजे ७५ लाख. पाच वर्षांचे पावणेचार कोटी. महाराष्ट्राच्या ६७ खासदारांचे धरले तर वर्षाला ५० कोटी २५ लाख रुपये! नीट ध्यानात घ्या, हा नियम फक्त राखीव जागेच्या खासदाराला नाही. पक्ष कोणताही असो, जात कोणतीही असो, प्रत्येक खासदाराला तो लागू आहे. आपण ज्यांना मत दिले नाही, त्यांनाही तो हिशेब विचारता येतो.

यात आपली एक नेहमीची गफलत होते. मंडळी खासदारांकडे जातात आणि विहारासाठी निधी मागतात. या निधीतून कोणत्याही धर्माच्या प्रार्थनास्थळाचे काम करता येत नाही. साहेब गोड बोलून परत पाठवतात आणि वर्ष वाया जाते. विहार आपण आपल्या दानातून उभारू. या निधीतून सार्वजनिक जागेवर अभ्यासिका, वाचनालय, समाजमंदिर, नळयोजना, नाली, स्मशानभूमीचा रस्ता मागावा. ज्या घरात एकाच खोलीत सहा माणसे झोपतात, तिथल्या मुलीला रात्री अकरापर्यंत उघडी असणारी अभ्यासिका म्हणजे काय, हे त्या मुलीच्या आईला विचारा.

मागायचे कसे? तोंडी मागू नये. वस्तीची बैठक घ्यावी, महिला मंडळाच्या सह्या आधी घ्याव्यात, काम एकच लिहावे, जागेचा उतारा जोडावा. अर्ज दोन प्रतींत द्यावा आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक व शिक्का घेतल्याशिवाय कचेरीतून उठू नये. शिक्का नसलेला कागद हरवतो. शिक्का असलेला कागद हरवला तर कोणाला तरी उत्तर द्यावे लागते. आमची उभी नोकरी टेबलामागे चालली आहे, तेव्हा हे अनुभवाचे बोल समजा.

उत्तर आले नाही तर २००५ चा माहिती अधिकार कायदा आहे. दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावून जिल्हाधिकारी कार्यालयातील माहिती अधिकाऱ्याकडे अर्ज करावा. विषय एकच ठेवावा, मजकूर दीडशे शब्दांच्या आत असावा. प्रश्न असा : आमच्या खासदारांनी गेल्या तीन वर्षांत अनुसूचित जातींच्या वस्त्यांसाठी कोणती कामे सुचवली, किती रकमेची, आणि त्यातली पूर्ण किती? तीस दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. हाच कागद विहारात सर्वांसमोर वाचावा.

खासदार आपल्या जातीचा, आपल्या झेंड्याचा असावा, ही इच्छा रास्त आहे. १९९८ चे दिवस पुन्हा यावेत असे आम्हालाही वाटते, आणि त्यासाठी ऐक्याचे काम चालूच ठेवले पाहिजे. पण ते होईपर्यंत पन्नास कोटी रुपये दरवर्षी कोणाच्या तरी दारात जातच राहणार. ते आपल्या दारात यावेत म्हणून लागतात एक वही, एक अर्ज आणि दहा रुपये.

येत्या रविवारी वंदनेनंतर पंधरा मिनिटे काढा. मुलांकडून वहीच्या एका पानावर आपल्या खासदारांचे नाव, शिक्षण, व्यवसाय, पद, समिती आणि आपल्या वस्तीसाठी सुचवलेले काम, अशा सहा ओळी लिहून घ्या. सहावी ओळ कोरी राहिली, तर अर्ज त्याच बैठकीत लिहा.

जयभीम! जय भारत!