खाण संपली, खड्डा कुणाचा?



पुण्याच्या इमारतींना खडी पुरवली आसपासच्या दगडखाणींनी. दगड संपला की ठेकेदार जातो, खड्डा गावाच्या गळ्यात पडतो. उरुळी देवाचीला जुन्या दगडखाणींच्या जागेत १९९१ पासून पुणे महापालिकेने शहराचा कचरा ओतला.

त्यात नुसती भाजीची देठे नव्हती. जुने सेल, ट्यूबलाइटी, रंगाचे डबेही होते. त्यांतले शिसे, पारा, कॅडमियम पावसाच्या पाण्याबरोबर खाली उतरते. काळा पाषाण अखंड दिसला तरी त्याला भेगा असतात, सुरुंगाने त्या वाढतात. त्या वाटेने घाण विहिरीत पोचते. उरुळी-फुरसुंगीच्या विहिरी नासल्या. लोकांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या. पिण्याचे पाणी टँकरने आणायची वेळ आली.

कापूस-ज्वारीच्या गावांतही रस्त्यासाठी फोडलेली खाण असतेच. फवारणीच्या औषधाचे रिकामे डबे आपणच तिथे फेकतो. ते आधी थांबवू.

पण खरी मेख हिशेबात आहे. खडीच्या भावात खड्ड्याचा खर्च धरलेलाच नसतो; तो विहीरवाल्याच्या माथी येतो. कोळसा खाणींना खाण बंद करण्याचा पैसा आधीच वेगळ्या खात्यात ठेवावा लागतो. २००९ पासून तसा नियम आहे. मग गावच्या दगडखाणीला सूट कशाला? ग्रामसभेने खाणीला संमती देण्याआधीच ठराव करावा : खड्ड्यात काय टाकायचे, काय नाही, आणि तो बुजवण्याची रक्कम ठेकेदाराने आधी भरायची.

शहराने दगड न्यावा, दाम मोजून. विष परत पाठवू नये.