पाण्याआधी आकडे हवेत

2017च्या नोव्हेंबरात अरुणाचलातल्या पासीघाटला सियांग काळवंडली. हिवाळ्यात निवळशंख वाहणारी ही नदी सिमेंट कालवल्यासारखी झाली. चीनने बोगदा खणायला घेतला, अशी हाकाटी दिल्लीपर्यंत पोहोचली. पुढे संशयाची सुई तिबेटातल्या भूकंपाने ढासळलेल्या दरडींकडे वळली. पण तोवर काठावरच्या आदी जमातीच्या लोकांना वरून काहीच कळले नव्हते.

याच नदीच्या, तिबेटी यारलुंग त्सांगपोच्या, नामचा बारवा शिखराजवळच्या वळणावर चीनने जुलै 2025मध्ये जगातल्या सर्वांत मोठ्या जलविद्युत प्रकल्पाचे काम सुरू केले. खर्च सुमारे 1 लाख 20 हजार कोटी युआन, क्षमता सुमारे 60 हजार मेगावॉट. चीन आता नळ बंद करणार, ही आपल्याकडची ओरड मात्र अर्धवट आहे. पुढे ब्रह्मपुत्रा होणाऱ्या या नदीचे पोट मुख्यतः हिमालयाच्या अलीकडच्या पावसाने भरते. भीती आहे ती अचानक येणाऱ्या पाण्याची. यिगाँग नदी दरडीने अडून साचलेला तलाव जून 2000मध्ये फुटला, तेव्हा सियांगकाठची घरे, पूल आणि माणसेही वाहून गेली. त्यानंतर 2002मध्ये चीनशी पावसाळ्यातली पातळी आणि विसर्ग कळवण्याचा करार झाला. डोकलामच्या भारत-चीन लष्करी तणावाच्या वर्षी आकडे आलेच नाहीत आणि 2023मध्ये कराराची मुदतही संपली. सांगलीकराला याचा अर्थ समजावायला नको. कोयनेतून किती क्युसेक सोडले आणि आयर्विन पुलाशी पाणी किती फुटांवर आहे, यावरच रात्री सामान माळ्यावर टाकायचे की नाही ते ठरते.

दिल्लीचे उत्तर म्हणजे सियांगवरच 11 हजार मेगावॉटचे धरण. अनेक आदी गावांचा सर्वेक्षणालाही विरोध आहे आणि पोलीस पाठवून तो मावळणार नाही. शिवाय बीजिंगला जाब विचारताना आपलीही पाटी कोरी नाही. सामायिक नद्यांच्या 1997च्या संयुक्त राष्ट्र कराराविरोधात चीनने मत दिले, आपण तटस्थ राहिलो. एप्रिल 2025पासून पाकिस्तानबरोबरचा सिंधू करार आपणच स्थगित ठेवला आहे. पहलगामच्या दहशतवादी हल्ल्यानंतरचा संताप समजण्यासारखा आहे. पण पूरकाळातले आकडे दहशतवाद्यांना नव्हे, शेतकऱ्यांना लागतात.

सुरुवात करायची संधी जवळच आहे. बांगलादेशबरोबरच्या 1996च्या गंगा कराराची मुदत डिसेंबर 2026मध्ये संपते. बारमाही आकडे, पाणी सोडण्याची आगाऊ सूचना आणि दरड कोसळल्यास तत्काळ इशारा ही कलमे नव्या करारात भारताने आपणहून घालावीत आणि त्याच मसुद्याची प्रत बीजिंगला पाठवावी.