सौरघटांचा टक्का आणि टिकाव

नर्मदेचे पाणी इंदुरास चढविणाऱ्या जलूद येथील पंपांसाठी आपल्या महानगरपालिकेने ६० मेगावॉटचा सौर प्रकल्प योजिला व त्याकरिता २०२३ च्या फेब्रुवारीत २४४ कोटी रुपयांचे हरित रोखे काढले, हे सभासद बंधूंस विदित आहेच. तेव्हापासून आपल्या छपरांचाही विचार सुरू झाला. परंतु सिलिकॉनची तावदाने काचेची व वजनदार; छावणीतील जुन्या गोदामांच्या पत्र्यांस तो भार पेलणारा नाही. म्हणून शाईसारखा पातळ थर देऊन होणाऱ्या सेंद्रिय सौरघटांच्या वार्तेकडे आमचे लक्ष लागले आहे.

या घटात दोन कार्बनी द्रव्ये एकत्र विरघळवून थर देतात. प्रकाश पडला की एक विद्युत्कण सोडते, दुसरे तो घेते. दोन्ही फार एकजीव झाली तर विजेस बाहेर पडण्यास वाट राहत नाही. अगदीच निराळी पडली तर ती निपजतच नाही. २००७ साली कॅलिफोर्नियातील सांता बार्बरा येथे नोबेल पारितोषिक विजेते अ‍ॅलन हीगर व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा एका द्रावणात डायथायॉल जातीचे द्रव्य किंचित घातले आणि घटाची क्षमता २.८ वरून ५.५ टक्क्यांवर गेली. हे द्रव्य सावकाश उडते व दोहोंपैकी एकासच अधिक काळ विरघळलेले ठेवते, त्यामुळे बेताचे पुंजके बांधले जातात. चकलीच्या पिठात मोहन घालणाऱ्या गृहिणीस याचे मर्म सांगावयास नको!

पुढे डायआयोडोऑक्टेन प्रचारात आले. आज प्रयोगशाळेतील आकडा २० टक्क्यांच्या घरात आहे. मात्र तो नखाएवढ्या तुकड्याचा. शिवाय डायआयोडोऑक्टेनचा अंश थरात मागे राहिला, तर प्रकाशात तेच फुटून घटास नासविते. ओला गहू काट्यावर भरतो आणि कोठारात बुरसतो, हे आपणांस ठाऊक आहे. म्हणूनच ओल १२ टक्क्यांच्या आत आहे की नाही, हे आपण भावाच्या आधी पाहतो. क्षमतेचा टक्का सांगून उन्हातील आयुष्य न सांगणारे वृत्त आम्ही अर्धाच हिशेब समजतो.

ज्यांची छपरे पक्क्या स्लॅबची आहेत त्यांनी या नव्या मालासाठी थांबू नये. सिलिकॉनच्या तावदानांस सामान्यतः २५ वर्षांची हमी मिळते. पत्र्याच्या गोदामवाल्यांनी थांबावे, आणि विक्रेता दारी येईल तेव्हा टक्का मागाहून विचारून, हा थर किती उन्हाळे पाहिलेला आहे, ते आधी विचारावे.