हिरवी टॅग आणि जीपीएल

मंडळी, मागे एका विकांताला परभणीला घरी गेलो होतो. पेरणीचे दिवस. काकांबरोबर मोंढ्यात सोयाबीनचं बियाणं घ्यायला गेलो. काका भाव नंतर विचारतात, आधी पिशवीची टॅग उलटून बघतात. निळी म्हणजे प्रमाणित, तिसऱ्याच यंत्रणेने तपासलेलं. हिरवी म्हणजे सत्यतादर्शक, म्हणजे विकणारा स्वतःच म्हणतोय की "माझा शब्द आहे".

तुम्ही म्हणाल, ह्याचा लिनक्सशी काय संबंध? आहे ना!

लिनक्स कर्नलमध्ये २००१ पासून प्रत्येक मॉड्यूलने स्वतःचा परवाना एका ओळीत जाहीर करायचा असतो. 'जीपीएल' लिहिलं की जीपीएलवाल्यांसाठी राखलेली फंक्शन्स वापरता येतात. 'प्रोप्रायटरी' लिहिलं तरी मॉड्यूल चालतं, पण ती फंक्शन्स मिळत नाहीत आणि कर्नलवर 'टेंटेड' असा शिक्का बसतो. का? तर उद्या कर्नल कोसळला, तर तपासणाऱ्याला कळावं की आत असा कोड आहे जो त्याला वाचताच येणार नाही.

ही ओळ खरी की खोटी, हे कर्नल तपासत नाही. हिरवी टॅगच ती!

आता गंमत बघा. २००४ मध्ये लिनक्सअँट कंपनीच्या मोडेम ड्रायव्हरमध्ये 'जीपीएल' ह्या शब्दानंतर एक शून्य-बाइट सापडली आणि तिच्यापुढे 'फक्त अमुक डिरेक्टरीतल्या फाइल्सपुरतं' अशा अर्थाचा मजकूर. सी भाषेत शून्य-बाइट आली की मजकूर संपला! कर्नलने वाचलं फक्त 'जीपीएल'. वापरणाऱ्यांना सारख्या वॉर्निंग दिसू नयेत म्हणून केलं, हा कंपनीचा खुलासा. म्हणजे उगवण कमी आहे असं टॅगवर दिसलं तर शेतकरी घाबरेल, म्हणून आकडाच झाकला. वा!

पण दुसऱ्यांना कशाला हसू? नोकरीच्या पहिल्या वर्षी मीही हेच केलंय. मॉड्यूल लोड होईना, 'अननोन सिम्बॉल' येत होतं. सीनियर म्हणाला, "अरे, जीपीएल टाक आणि पुढे चल." टाकलं. चाललं. सोर्स मात्र आजतागायत कोणाला दिलेला नाही. आपल्यापैकी किती जणांनी हे केलंय, हात वर करा...

"तो नुसता स्ट्रिंग आहे रे, खरा परवाना वकील बघतील." हे मला पटत नाही. स्ट्रिंगने परवाना बदलत नाही, कबूल. पण तो वाचून कोणीतरी अनोळखी माणूस तुमच्या बगमागे स्वतःची रात्र घालवतो. ती रात्र तुम्ही खोटं बोलून घेतलेली असते.

कोड बंद ठेवायचाय? ठेवा की, तुमचा हक्क आहे. मग सरळ 'प्रोप्रायटरी' लिहा आणि शिक्का सोसा. एनव्हिडियाने वर्षानुवर्षे तो सोसलाच ना? २०२२ मध्ये त्यांनी कर्नल मॉड्यूलचा सोर्स एमआयटी आणि जीपीएल अशा दुहेरी परवान्याखाली खुला केला, तेव्हा लेबलही बदललं. आधी माल, मग लेबल. क्रम असा हवा.

बियाण्याच्या खोट्या टॅगला १९६६ चा बियाणे कायदा तरी आहे. आपल्या ओळीला फक्त आपली लाज.

असो. सोमवारी हापिसात गेल्यावर आपापल्या मॉड्यूलची ती एक ओळ उघडून बघा. मी माझी बघितली. आता मॅनेजरशी भांडण आहे :)