घरबसल्या सेवा म्हणे! मग नेट कॅफेत गर्दी कशाची?

विद्यापीठाचं पोर्टल आलं तेव्हा सांगितलं गेलं की आता मायग्रेशन, ट्रान्सक्रिप्ट, नाव दुरुस्ती, डुप्लिकेट मार्कशीट, सगळं घरबसल्या. आपल्या तालुक्यातून विद्यापीठ गाठायचं म्हणजे पहाटेची एसटी, बुडालेला रोज, आणि खिडकीवर "साहेब जेवायला गेलेत". ते संपणार म्हणून लोक खूश झाले. मी पोर्टलच्या विरोधात नाही, हे आधीच सांगून ठेवतो. नाहीतर "तुम्हाला प्रगतीच नको" म्हणणारे येतीलच.

पण स्टँडसमोरच्या कुठल्याही नेट कॅफेत दुपारी अर्धा तास उभे राहून बघा. फॉर्म पोरं भरत नाहीत, कॅफेवाला भरतो. कारण फॉर्म इंग्रजीत आहे. मोबाईलवर उघडला तर 'सबमिट'चं बटण पडद्याबाहेर. फोटो इतक्या केबीच्या आत, सही तितक्या केबीच्या आत. अर्धा फॉर्म भरून लाइट गेली की पुन्हा पहिल्यापासून. ओटीपी जातो फर्स्ट इयरला दिलेल्या नंबरवर. तो नंबर वडिलांचा, सिम कधीच बंद पडलेलं. नंबर बदलायचा तर लॉगिन करा. लॉगिन करायचं तर ओटीपी टाका! हे ज्याने केलं त्याने एकदा तरी स्वतः वापरून पाहिलं का?

मग पासवर्ड कॅफेवाल्याच्या वहीत, आधार आणि मार्कशीट त्याच्या कॉम्प्युटरवर. त्याला दोष देत नाही, विद्यापीठाचा खरा हेल्पडेस्क तोच चालवतोय. फक्त त्याचा पगार विद्यापीठ देत नाही, मजुराचं पोर देतं.

आता पैशाचं बघा. खात्यातून फी कापली, पोर्टलवर 'पेंडिंग'. यूपीआयने पैसे कापले गेले आणि समोरच्या दुकानदाराला खबरच पोचली नाही, तर व्यवहारानंतर पाच दिवसांच्या आत ते आपोआप परत यायला हवेत, उशीर झाला तर दिवसाला 100 रुपये भरपाई, असा रिझर्व्ह बँकेचा 2019 चा नियम आहे. बँकेला मुदत आहे, दंड आहे. पण पैसे विद्यापीठाकडे पोचले आणि अडलं त्यांच्याच कॉम्प्युटरमध्ये, तर? हेल्पलाइनचा फोन वाजत राहतो, ईमेलला "तुमची तक्रार नोंदवली आहे" एवढंच छापील उत्तर. पोरगं काय करतं? दुसऱ्यांदा फी भरतं. उद्या शेवटची तारीख असते ना!

रेल्वेचं ऑनलाइन तिकीट 2002 पासून आहे. म्हणून स्टेशनवरची खिडकी बंद केली का? ज्याला मोबाईल जमतो तो मोबाईलवर काढतो, ज्याला नाही तो रांगेत उभा राहतो, आणि दोघंही एकाच गाडीत बसतात. याला म्हणतात लवचिक सेवा. आमच्याकडे मात्र पोर्टल आलं त्या दिवशी खिडकी बंद. विचारलं तर "ऑनलाइन करा". ऑनलाइन केलं तर "कॉलेजच्या लॉगिनला पेंडिंग आहे". कॉलेजात गेलं तर क्लार्क म्हणतो, "आमच्याकडे दिसतच नाही." म्हणजे चकरा होत्या तेवढ्याच राहिल्या, वर कॅफेचा खर्च वाढला.

तंत्रज्ञान घाईत लादलं की काय होतं ते 2017 ला मुंबई विद्यापीठाने दाखवलंय. लाखो उत्तरपत्रिका स्कॅन करून पडद्यावर तपासायचा निर्णय एकदम सगळीकडे लागू केला, निकाल महिनोन् महिने रखडले, आणि शेवटी राज्यपालांनी कुलगुरूंना पदावरून दूर केलं. कुलगुरू गेले, पण ज्यांचे पुढचे प्रवेश हुकले त्यांना काय मिळालं?

मागणी फार मोठी नाही. फॉर्म मराठीत असावा, साध्या मोबाईलवर चालावा, अर्धा भरलेला सेव्ह व्हावा. ओटीपीचा नंबर कॉलेजात ओळखपत्र दाखवून बदलता यावा. प्रत्येक तालुक्यात एका तरी कॉलेजात आठवड्यातून दोन दिवस माणूस बसावा, आणि त्याच्या हातात अर्ज पुढे ढकलायचा अधिकार असावा, नुसतं "वरती कळवतो" नको. आणि मुदत! राज्यात 2015 पासून लोकसेवा हक्क कायदा आहे. त्यात अधिसूचित सेवेला मुदत असते, अपील असतं, कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला 500 ते 5000 रुपये दंड होऊ शकतो. ट्रान्सक्रिप्ट किती दिवसांत मिळणार, हे विद्यापीठाने पोर्टलच्या पहिल्या पानावर ठळक लिहावं, आणि ही सेवा या कायद्याखाली आहे की नाही तेही.

अधिसभेत नोंदणीकृत पदवीधरांमधून दहा जण निवडून जातात. मत मागायला आले होते तेव्हा त्यांचे नंबर आपल्या सगळ्यांच्या मोबाईलमध्ये आले, ते अजून असतील. ज्याचा अर्ज अडकलाय त्याने अर्ज क्रमांक, तारीख आणि पैसे कापल्याचा स्क्रीनशॉट त्यांना पाठवावा. पाठवताना आधार आणि खाते नंबर झाका. आणि ते काय उत्तर देतात, ते मला कळवा. उत्तर नाही आलं तर तेही कळवा, नावानिशी छापतो.