घरातला समुद्र हिरवा का होतो?

दुर्गहून रेल्वेने मुंबई गाठायची तर सुमारे 1100 किलोमीटरचा प्रवास. समुद्र इतका लांब, तरी भिलाईच्या सेक्टरमधल्या घरातही मुलं केशरी-पांढऱ्या क्लाउनफिशसाठी हट्ट धरतात. मग टाकी येते, समुद्री मीठ येतं, मासे येतात. पहिले दोन महिने सगळं छान चालतं. तिसऱ्या महिन्यात दगडांवर हिरवे केस उगवू लागतात आणि काच दर दोन दिवसांनी पुसावी लागते. तुम्ही दिव्याला दोष देता, मिठाला दोष देता. खरा दोषी बहुतेक वेळा फॉस्फेट असतो आणि तो आपल्याच हातून टाकीत जातो.

कुठून येतो?

पहिली वाट खाद्याची. मासे जे खात नाहीत ते कुजतं, जे खातात त्याचाही बराच भाग विष्ठेतून पाण्यात येतो. गोठवलेलं खाद्य थेट टाकू नका. चहाच्या गाळणीत घेऊन आरओच्या पाण्याने धुवा, मग घाला. दोन मिनिटांत संपेल एवढंच द्या.

दुसरी वाट आपल्या उन्हाळ्याची. मे महिन्यात टाकीवर पंखा लावला की पाणी झपाट्याने उडतं, पण त्यातलं मीठ आणि फॉस्फेट मागेच राहतं. समजा, तुमच्या नळाच्या पाण्यात लिटरला 0.5 मिलिग्रॅम फॉस्फेट आहे आणि तुम्ही रोज 2 लिटर भर घालता. महिन्याला 30 मिलिग्रॅम झालं. 100 लिटरच्या टाकीत म्हणजे लिटरला 0.3 मिलिग्रॅमची वाढ! म्हणून उडालेल्या पाण्याची भर नेहमी आरओच्या बिनमिठाच्या पाण्याने घाला.

किती असावं?

लिटरला 0.03 ते 0.1 मिलिग्रॅमच्या दरम्यान ठेवलं तर पुरे. मोजायला कमी प्रमाण दाखवणारा टेस्ट किट घ्या. काही मीटर फॉस्फेटऐवजी फॉस्फरस दाखवतात; त्या आकड्याला 3.07 ने गुणा. किटवर शून्य आलं आणि शेवाळ भरपूर दिसत असेल, तर खूश होऊ नका. फॉस्फेट शेवाळानेच खाल्लेलं असतं.

फॉस्फेटने मासा लगेच मरत नाही, हे खरं. पण माजलेलं शेवाळ रात्री पाण्यातला प्राणवायू वापरतं. पहाटे मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकताना दिसले, तर आधी हवेचा पंप वाढवा.

गंजाचा उपयोग

यावरचा उपाय आपल्या गावाला ओळखीचा वाटेल. फॉस्फरस पोलादाचाही शत्रू आहे. तो जास्त राहिला तर पोलाद थंडीत ठिसूळ होतं आणि असा रूळ कोणाला हवा? म्हणून पोलाद तयार करताना चुना घालून फॉस्फरस स्लॅगमध्ये ओढून घेतात. टाकीत हेच काम लोखंड करतं. ग्रॅन्युलर फेरिक ऑक्साइड म्हणजे गंजाचेच शुद्ध दाणे. फॉस्फेट त्यांना चिकटून बसतं.

दाणे जाळीच्या पिशवीत भरा, तपकिरी धूळ जाईपर्यंत धुवा आणि फिल्टरमध्ये पाणी वाहतं तिथे ठेवा. पाकिटावर लिहिलेल्या मात्रेच्या निम्म्यापासून सुरुवात करा. दर दोन-तीन दिवसांनी मोजा. आकडा उतरायचा थांबला की दाणे भरले, ते बदला. अंगणातल्या भंगाराचा गंज मात्र चुकूनही वापरू नका. त्यात तांबं, रंग, तेल काहीही असू शकतं.

घाई करू नका. दगड आणि वाळूतही फॉस्फेट मुरलेलं असतं. पाण्यातलं कमी झालं की ते हळूहळू बाहेर येतं, त्यामुळे आठवडाभराने आकडा पुन्हा चढला तरी घाबरू नका. दर आठवड्याला 10 टक्के पाणी बदलत राहा. नवं पाणी आरओचंच, लिटरला साधारण 35 ग्रॅम समुद्री मीठ मिसळलेलं. फॉस्फेट अगदी शून्यावर आणण्याचा हट्टही नको. तसं झालं की चिकट तपकिरी थर धरणारे दुसरेच सूक्ष्मजीव माजतात.

एक गोष्ट विसरू नका

टाकी सजवायला खरा प्रवाळ विकत घेऊ नका. समुद्रात खडक बांधणारे सगळे कठीण प्रवाळ 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. वाघाइतकंच त्यांना संरक्षण आहे. मेलेला तुकडाही नको. सिरॅमिकचे दगड घ्या. मासे त्यांच्या कपारीतही तितक्याच आनंदाने लपतात.

आणि हो, खाद्याचा डबा मुलांच्या हाती देताना मोजमाप एकच शिकवा: एक चिमूट. आपल्या मायेने घातलेली दुसरी चिमूट माशाच्या नाही, शेवाळाच्या पोटात जाते.