ट्रामची पायरी कोणी काढली?

१/
इतिहासप्रेमींच्या वर्तुळात युरोपीय शहरांतील ट्राम-बसची छायाचित्रे वरचेवर फिरत असतात आणि त्यांखाली एक ठरलेले वाक्य असते : ‘तिकडे प्रवाशाचा विचार आधी होतो, ती त्यांची संस्कृतीच आहे.’ या वाक्याला माझा आक्षेप आहे. शिष्टाचार पाळून बोलायचे तर ते अर्धसत्य आहे. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून बोलायचे तर ते खोटे आहे. आजचा धागा त्याविषयी.

२/
प्रथम एक विसरलेली गोष्ट. ज्या शहरांच्या ट्रामचे आपण कौतुक करतो, त्यांपैकी कित्येकांनी विसाव्या शतकात आपले रूळ स्वतःच्या हाताने उखडले होते. पॅरिसने १९३० च्या दशकात ट्राम संपवली. लंडनची शेवटची जुनी ट्राम जुलै १९५२ मध्ये धावली. फ्रान्समधील ग्रनोबलची ट्रामही १९५२ सालीच बंद पडली आणि नांतची १९५८ साली. रस्ता मोटारीला हवा होता. प्रवाशाला अग्रक्रम देणे ही संस्कृती असेल, तर ती दोन-तीन दशके रजेवर गेली होती असे म्हणावे लागेल.

३/
१९७३ च्या तेलसंकटानंतर वारे फिरले. १९७५ साली फ्रान्सच्या वाहतूक खात्याचे राज्यसचिव मार्सेल काव्हाये यांनी आठ शहरांना ट्रामचा विचार करण्याचे आवाहन केले. गंमत अशी की, त्या यादीत नांतचे नाव नव्हते आणि ट्राम सर्वांत आधी परतली ती नांतमध्येच, जानेवारी १९८५ मध्ये. गाडी नवी कोरी होती. पण दारातून आत जायला पायऱ्या चढाव्या लागत. व्हीलचेअरवरचा नागरिक थांब्यावर बसून आपल्याच करातून आलेली ती गाडी फक्त पाहू शकत होता.

४/
आता ग्रनोबलकडे या, कारण खरा मुद्दा येथे आहे. तेथेही सुरुवातीला नांतसारखीच गाडी येणार होती. मात्र या शहरात अपंगांच्या संघटना वर्षानुवर्षे वाहतुकीच्या प्रश्नावर झगडत होत्या आणि त्यांनी पायऱ्यांची गाडी स्वीकारायला नकार दिला. त्यांच्या हातात आधारही होता : १९७५ चा अपंगविषयक कायदा आणि डिसेंबर १९८२ चा वाहतूक कायदा, ज्याने फ्रान्समध्ये प्रवास हा हक्क मानला. १९८३ साली ट्राम हवी की नको यावर शहरात सार्वमत झाले आणि सुमारे ५३ टक्के मते बाजूने पडली. इतका निसटता कौल मिळालेल्या प्रकल्पाला एका मोठ्या समूहाला दाराबाहेर ठेवणे परवडणारे नव्हते.

५/
मग आराखडा बदलला. विद्युत उपकरणे छतावर गेली, मोटारी दोन्ही टोकांच्या चाकसंचांवर राहिल्या आणि मधला लांबलचक भाग रुळांपासून सुमारे ३५ सेंटिमीटरवर उतरवण्यात आला. फलाट त्याच उंचीला आणला. १९८७ साली ग्रनोबलची ट्राम सुरू झाली, तेव्हा व्हीलचेअर कोणाच्याही मदतीवाचून आत जात होती.

६/
नांत १९८५, ग्रनोबल १९८७. देश तोच आणि गाडीचे अधिकृत नावही तेच : ‘फ्रेंच प्रमाणित ट्राम’. या दोन वर्षांत अभियांत्रिकीने काही अजब शोध लावला असे समजू नका. जिनिव्हात खालच्या तळाच्या ट्रामची चाचणी १९८४ पासूनच चालू होती. तंत्र उपलब्ध होते. फरक इतकाच की, ग्रनोबलमध्ये ज्यांना पायरी अडवत होती ती माणसे आराखड्याच्या टेबलापर्यंत पोहोचली होती. पुढे १९९० च्या दशकात नांतला आपल्या गाड्या कापून त्यांत खालच्या तळाचा मधला डबा जोडावा लागला. आधी ऐकले असते तर तो खर्च वाचला असता.

७/
येथे कोणीतरी हमखास म्हणते, ‘व्हीलचेअरवाले असतात तरी किती?’ हा प्रश्नच हिशेब न कळल्याचा पुरावा आहे. पायरी गेल्यावर बाबागाडी ढकलणारी आई चढते, सामानाची बॅग ओढणारा चढतो, काठी टेकणारे आजोबा चढतात. ज्यांच्या घरात गुडघ्यांपायी बसचा प्रवास कायमचा सोडलेली आजी आहे, त्यांना अधिक सांगायला नको. शिवाय सगळे सपाट पायाने चढू-उतरू लागले की गाडी थांब्यावर कमी रेंगाळते, वेळापत्रक पाळले जाते आणि तेवढ्याच गाड्यांत अधिक फेऱ्या बसतात. धडधाकट प्रवाशाला जो वक्तशीरपणा युरोपीय स्वभाव वाटतो, त्यातला काही भाग या ३५ सेंटिमीटरांत दडलेला आहे.

८/
आता लंडनची लाडकी रूटमास्टर. मागचे उघडे दार, हातात धरायचा दांडा, धावत चढण्याची ऐट! हुरहूर मला समजते. सप्टेंबर २०२३ मध्ये मुंबईच्या जुन्या डबलडेकरला निरोप देताना मीही हळवा झालो होतो. पण १९९० च्या दशकात लंडनच्या रस्त्यांवर अपंग कार्यकर्त्यांनी स्वतःला बेड्यांनी बसला जखडून घेतले, ते याच बसव्यवस्थेविरुद्ध. १९९५ साली भेदभावविरोधी कायदा झाला, त्यातून बसच्या रचनेचे नियम आले आणि डिसेंबर २००५ मध्ये रूटमास्टर नियमित सेवेतून निवृत्त झाली. तेव्हा ‘वारसा’ म्हणून अश्रू ढाळणारे पुष्कळ होते. त्या वारशात आयुष्यात एकदाही चढू न शकलेल्यांची आठवण फार थोड्यांना झाली. २०१२ साली नव्या रूपातील रूटमास्टर आली तेव्हा मागचे उघडे दार परत आणले गेले; तळ मात्र खालीच राहिला आणि व्हीलचेअरसाठी उतारफळीही. म्हणजे देखणेपण आणि प्रवेश यांचे वैर नव्हतेच.

९/
राहिली ‘जुनी बांधकामे, काय करणार’ ही सबब. तिचे माहेर पॅरिस. तेथील मेट्रो १९०० ची. तीनशेहून अधिक स्थानकांच्या त्या जाळ्यात संपूर्णपणे पायरीमुक्त असलेली मार्गिका एकच, १९९८ साली सुरू झालेली क्रमांक १४. फ्रान्सने २००५ साली सार्वजनिक वाहतूक दहा वर्षांत सर्वांना खुली करण्याचा कायदा केला आणि त्याच कायद्यात आधीपासूनच्या भुयारी जाळ्यांना मुदतीतून सूट दिली. बर्लिनची भुयारी रेल्वे पॅरिसहून फक्त दोन वर्षांनी धाकटी, १९०२ ची. तिच्या बहुतेक स्थानकांत आज लिफ्ट आहे. बार्सिलोनाची मेट्रो १९२४ ची, तेथेही तेच. ही भुयारेही जुनीच होती. काम अवघड असते हे मान्य, पण अवघड आणि अशक्य यांत अंदाजपत्रकाएवढे अंतर असते.

१०/
आणि इंग्लंडमधील न्यूकॅसलचे काय करायचे? तेथील टाइन अँड वेअर मेट्रो बहुतांशी एकोणिसाव्या शतकातील उपनगरी लोहमार्गांवरच उभारली गेली. ऑगस्ट १९८० मध्ये ती सुरू झाली तेव्हा लिफ्ट, उतार आणि गाडीच्या पातळीचे फलाट पहिल्या दिवसापासून होते. पॅरिसच्या मार्गिका १४ च्या अठरा वर्षे आधी.

११/
पुढच्या धाग्यात झ्युरिक : १९७३ साली तेथील मतदारांनी भुयारी रेल्वेची योजना फेटाळली आणि रस्त्यावरच्या ट्रामलाच वाट मोकळी करून दिली, त्याची कथा. तोवर कोणी युरोपीय ट्रामचे जुने छायाचित्र पाठवले, तर आधी दाराच्या खालचा भाग मोठा करून पाहा आणि पायऱ्या मोजून खाली लिहा.